सोलकढी सांडली तरी सीट कोरडी: कोकणच्या लांब प्रवासासाठी गाडीची तयारी

मुंबईहून सावंतवाडी म्हणजे जवळपास ५०० किलोमीटर. गणपतीच्या दिवसांत माणगावच्या आसपास रांग लागली, की ‘गाडीत खायचं-प्यायचं नाही’ हा घरातून निघताना केलेला नियम तिथेच गळून पडतो. पोरांना भूक लागते, आजींना चहा हवा असतो, कुणाला तरी घाटात गाडी लागते. तेव्हा सांडणार हे धरूनच तयारी करावी.

सीटचं कापड पुसता येतं. खरी अडचण त्याच्या खालच्या फोमची असते. फोम म्हणजे जाडजूड स्पंज. अर्धा कप दुधाचा चहा त्यात उतरायला मिनिटभर पुरतं, आणि वरून कापड स्वच्छ दिसायला लागलं की सगळे निर्धास्त होतात. मग आत राहिलेलं दूध आंबतं, तिसऱ्या दिवशी बंद गाडीतून आंबूस वास येतो आणि त्यावर सुगंधी डबी टांगली जाते. वासावर वास चढतो, एवढंच. त्यामुळे पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: द्रव फोमपर्यंत पोचू द्यायचा नाही, आणि तो अडवणारी वस्तू अशी हवी की तिच्यावर दहा तास घाम न फुटता बसता येईल.

वर शोषणारं, खाली अडवणारं

नव्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं पॉलिथिन महिनोन्‌महिने तसंच ठेवणारे बरेच आहेत. ते पहिल्याच आठवड्यात काढून टाका. त्यावर पाठ भिजते, माणूस घसरतो, खाली अडकलेल्या दमटपणानं बुरशी धरते. शिवाय सांडलेलं पॉलिथिनवर थांबत नाही. ओघळत थेट बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात, नाहीतर बेल्टच्या बक्कलमध्ये जातं. नुसत्या रेक्झिनच्या किंवा लेदरेटच्या कव्हरचंही थोडंफार असंच. मधला भाग पाणी अडवतो, पण शिवणीच्या भोकांतून ते आत झिरपतंच.

नीट काम करते ती दोन थरांची बैठक. खालचा थर म्हणून तान्ह्या बाळांसाठी मिळणारं ड्रायशीट घ्या, वरून मऊ आणि खालून पाणी अडवणारं. त्याची नेहमीची मापं ५० बाय ७०, ७० बाय १०० आणि १०० बाय १४० सेंटीमीटर. पाच जणांच्या गाडीच्या मागच्या सलग सीटला मोठं एक पुरतं. १४० ची बाजू आडवी टाकायची, म्हणजे १०० पैकी साधारण ५० बैठकीवर आणि ५० पाठीवर चढतं. सात सीटच्या गाडीत मधल्या सुट्या सीटा असतील, तर प्रत्येकीला मधल्या मापाचं एक उभं टाका.

ड्रायशीट उबदार असतं, थेट त्यावर बसलं तर उन्हाळ्यात नको होतं. म्हणून वर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर किंवा नऊवारीचा तुकडा घालायचा. नवं कोरं कापड पहिल्या धुण्याआधी पाणी लवकर टिपत नाही. वरच्या थराचे दोन जादा तुकडे गाडीत ठेवा. काही सांडलं की वरचं कापड उचलून पिशवीत टाकायचं, ड्रायशीट पुसायचं, दुसरं अंथरायचं. गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटांचं काम.

अंथरताना या गोष्टी पाहा.

बैठक आणि पाठ जिथं मिळतात त्या फटीत पंच्याची घट्ट वळकटी ड्रायशीटवरून खोचा. चादर तिथं ताणून बसते आणि फटीकडे येणारा ओघळ वळकटी पिते.

बक्कल कधीही झाकू नका. ती चाचपून नेमकी त्या जागी ८ सेंटीमीटरची चीर द्या आणि बक्कल वर काढा. बेल्ट शोधावा लागला की मागचे लोक तो लावतच नाहीत.

शीट सरकत असेल, तर खाली स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी मॅट घाला. लेदरेटवर ही लागतेच. ब्रेक मारल्यावर माणूस बैठकीवरून पुढं घसरला, तर कमरेचा पट्टा पोटावर चढतो. हा धोका डागापेक्षा मोठा आहे.

पुढच्या सीटांच्या पाठीला दाराकडच्या बाजूनं एअरबॅगचं छोटं लेबल शिवलेलं आहे का, ते बघा. असेल तर त्या बाजूवरून काहीही गुंडाळायचं किंवा बांधायचं नाही. पूर्ण कव्हर घ्यायचंच असेल, तर तिथली शिवण उसवेल अशी मुद्दाम केलेली असते, तसंच घ्या. दुकानदाराला शिवण दाखवायला सांगा. नुसत्या ‘चालतं हो’वर जाऊ नका.

हवेशीर सीट, म्हणजे आत पंखा असलेली छिद्रांची सीट असेल, तर ड्रायशीट घातल्यावर तिची हवा बंद होते. न घालावं, तर सांडलेलं छिद्रांतून पंख्यापर्यंत जाऊ शकतं. अशा सीटवर एकच पातळ सुती कापड घालावं आणि तिथं बसणाऱ्यानं झाकणाच्या बाटलीतलं पाणी सोडून काही पिऊ नये. लहान मुलाच्या वेगळ्या सीटखाली जाड काही घालू नका. ती घट्ट आवळली जात नाही. तिच्याखाली काय चालतं, ते तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

कापडावर मारायचे पाणी झटकणारे स्प्रे मिळतात. ते वाईट नाहीत. थेंब वर मोत्यासारखा थांबतो आणि टिपायला वेळ मिळतो. पण सांडलेल्यावर माणूस बसलेला असेल, तर त्याच्या वजनानं द्रव आत दाबला जातो आणि स्प्रेचा काही उपयोग राहत नाही. कव्हरला पर्याय म्हणून त्यावर विसंबू नये.

चालवणाऱ्याच्या सीटवर जाड गाद्या रचू नका. बसण्याची उंची बदलली की आरसे आणि पेडल दोन्हींचा अंदाज चुकतो. कमरेला आधार हवा असेल, तर नॅपकिनची ८ ते १० सेंटीमीटर जाडीची गुंडाळी, पँटच्या पट्ट्याच्या किंचित वर. लाकडी मण्यांची गादी जुन्या टॅक्सीवाल्यांनी उगाच वापरली नाही. पाठीमागून हवा खेळते. मात्र ती वरून-खालून घट्ट बांधलेली हवी. आणि दर दोन तासांनी पंधरा मिनिटं उतरायचंच. चहा त्या पंधरा मिनिटांत, गाडीबाहेर.

पायाखाली

उभ्या काठाची रबरी मॅट सगळ्यात बरी. कोकणच्या पावसात छत्र्या आणि चपला मिळून काठापर्यंत पाणी करतात, ते प्रत्येक थांब्यावर ओतून द्यायचं. कडेपर्यंत चढणाऱ्या शिवलेल्या मॅट दिसतात छान, पण शिवणीतून पाणी खाली गेलं की कळतच नाही. कार्पेटखाली जाड नमदा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तिथूनच वायरिंगही गेलेलं असतं. चालवणाऱ्याच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीही नकोत, आणि जी आहे ती हुकांत अडकवलेली हवी. सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरवर चढते. त्या बाजूला सुटी बाटली तर नकोच. ती ब्रेकखाली गेली तर पाय दाबूनही ब्रेक लागत नाही.

डाव्या पुढच्या पायाशी काही न सांडताही ओल दिसली, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. एसी चालू असताना गाडीखाली नेहमीसारखं पाणी ठिबकत नाही ना, ते पाहा. ठिबकत नसेल, तर मॅट पुसत बसण्यापेक्षा नळी साफ करून घ्या.

काय न्यायचं, कशात आणि कुठं

गाडीतल्या खाण्याची परीक्षा दोन प्रश्नांची: चुरा पडतो का, आणि हाताला लागलेलं पुसल्यावर जातं का? दशमी दोन्हींत पास होते. मऊ असते, दोन दिवस टिकते, गुंडाळून हातात धरता येते. केळं आणि भाजलेले शेंगदाणे पास. भडंग आणि चिवडा नापास. त्यातला तेल-हळद लागलेला कुरमुरा सीटच्या सरकत्या पट्टीत जाऊन बसतो. वडापाव आवडता खरा, पण त्याची कोरडी लसणाची चटणी उतरूनच खावी.

रश्शाला सिलिकॉनची रिंग आणि चारी बाजूंनी पकड असलेला डबा हवा. निघण्याआधी त्यात पाणी भरून सिंकमध्ये दोन मिनिटं उलटा धरा. रिंग जुनी होऊन कडक झाली की गळते, आणि ते घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. डबे डिकीत टाकण्यापेक्षा पुढच्या सीटच्या मागं, पायाशी, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभे ठेवा. डिकी मागच्या चाकांच्या वर किंवा त्याहूनही मागं असल्यानं खड्ड्यात तिथं सगळ्यात जास्त उसळी बसते. मधल्या रिकाम्या जागा पंच्यांनी भरा, म्हणजे डबे कलंडत नाहीत.

थर्मास अर्ध्या लिटरचा घ्या. एक लिटरचा सहसा कपहोल्डरमध्ये मावत नाही आणि मग कुणाच्या तरी मांडीवर बसतो. तो काठोकाठ भरू नका, आणि चालत्या गाडीत ओतू नका. चहा जास्त करून थर्मासमधून कपात जाताना सांडतो. कपहोल्डरच्या तळाशी जुन्या मोज्याचा गोल तुकडा ठेवला, की बारीक थेंब तिथंच मुरतात आणि खालच्या बटणांपर्यंत, चार्जिंगच्या खाचेपर्यंत जात नाहीत.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: हवेचा दाब. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. किनाऱ्यावर बूच लावलेली बाटली वर येईपर्यंत आतून फुगते. वेफर्सचं पाकीट टरारून फुगलेलं दिसतं ते यामुळेच. ताक किंवा सोलकढी असेल, तर उन्हात ती आंबून आणखी वायू धरते, आणि वर पोचून झाकण उघडलं की फवारा छतापर्यंत जातो. बाटलीत वर तीन बोटं जागा ठेवा, बाटली किंचित दाबून मग बूच लावा, आणि उघडायची ती गाडीबाहेरच.

गाडी लागणाऱ्यांसाठी

उपाशीपोटी नेऊ नका, आणि भरपेटही नको. निघण्याआधी तासभर हलकं काहीतरी द्या. मागच्या टोकाच्या सीटवर झोका सगळ्यात जास्त, म्हणून अशा माणसाला पुढं किंवा मधल्या ओळीत बसवा. लहान मुलं मात्र मागच्याच सीटवर, त्यांच्या सीटसकट. नजर लांबवर रस्त्यावर हवी. घाटात मोबाइल बंद. एसी बाहेरची हवा घेईल असा ठेवा, आणि सुगंधी डबी काढून टाका. अनेकांना तिनंच मळमळतं. आलेपाक, आवळासुपारी पुष्कळांना चालते. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या आधी, मळमळायला लागल्यावर नव्हे. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालवणाऱ्यानं त्या घेऊ नयेत.

पातळ पिशवीपेक्षा श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा उत्तम. तोंड रुंद असतं, हातात नीट धरता येतो, झाकण लागतं. आत पिशवी घालून तिचे काठ बाहेर दुमडा, तळाशी लहान मुलाचं डायपर ठेवा. ते पातळ सगळं पिऊन टाकतं आणि डबा कलंडला तरी सांडत नाही. असे दोन डबे ठेवा. दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नव्हे.

सांडलंच

गाडी सुरक्षित जागी उभी करा. चालत्या गाडीत मागं वळून पुसायला जाऊ नका. कापडाची घडी करून सरळ खाली दाबा, उचला, कोरडी बाजू घ्या, पुन्हा दाबा. घासायचं नाही. घासलं की डाग पसरतो आणि कापडाचे धागे उभे राहतात. दाबणं नेहमी कडेकडून मध्याकडे. घट्ट असेल ते आधी जुन्या प्लास्टिक कार्डानं खरवडून उचला. फोममध्ये उतरलंय असं वाटलं, तर उघडलेलं डायपर आतली बाजू खाली करून ठेवा आणि त्यावर दोन मिनिटं माणूस बसवा. कुठल्याही टिशूपेक्षा जास्त पाणी ते ओढतं.

यानंतर काय सांडलं त्यावर ठरतं. इथंच घाईत साबण ओतून काम बिघडतं.

हळदीच्या डागाला साबण किंवा खाण्याचा सोडा लावला, की तो लालबुंद होतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात, तेच इथं घडतं. घाबरू नका. थोडं व्हिनेगर किंवा लिंबू लावलं, की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. तेल टिपून घ्या, सौम्य साबणाचा फेस लावून पुसा, स्वच्छ पाण्यानं फेस काढा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन दुपारी गाडी अशी लावा की ऊन त्या सीटवर पडेल.

कोकमाचं उलटं. त्याचा लाल रंग आंबटात टिकतो आणि साबणाच्या पाण्यात निळसर-करडा होतो. म्हणून आगळ किंवा सोलकढी सांडली, तर आधी साधं गार पाणी, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी, आणि रंग निघाल्यावरच साबण. सोलकढीत नारळाचं दूध असतं, तेव्हा साबण लागतोच, फक्त शेवटी.

दूध, ताक, चहा, उलटी: गरम पाणी नको. त्यानं प्रथिनं धाग्यांत घट्ट बसतात. गार पाण्यानं टिपून घेतल्यावर, घरी पोचलात की ज्याच्या लेबलवर एन्झाइम लिहिलंय असा लिक्विड डिटर्जंट, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा. हे पाणी डाग जिथवर गेला तिथवर पोचलं पाहिजे. कपभर दूध फोममध्ये गेलं असेल आणि तुम्ही वरून चार फवारे मारले, तर काहीच होणार नाही. सांडलं होतं तेवढंच द्रावण थोडं थोडं जिरवा, वर प्लास्टिक टाकून अर्धा तास ठेवा, मग साध्या पाण्यानं दोनदा आणि पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमनं काढा. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून घ्या. व्हिनेगर आणि सोडा एकत्र मात्र घालू नका. फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांना मारतात.

हे करण्याआधी सीटखाली वाकून पाहा. पिवळ्या रंगाचे जोड एअरबॅगचे असतात. त्यांना पाणी लावायचं नाही, हातानं काढायचे तर मुळीच नाहीत. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या डाव्या सीटखाली लिथियम बॅटरी असते, तर काही हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या बुडाशी बॅटरीच्या थंडाव्याची जाळी असते. अशा सीटवर जास्त पाणी गेलं असेल, तर सर्व्हिस सेंटरला दाखवा.

फणसाचा चीक पाण्यानं पसरतो. विळीला लावतो तसंच खोबरेल तेल बोळ्यावर घेऊन चीक सुटेपर्यंत टिपा, मग तेलासाठी साबण.

बेल्टच्या पट्ट्यावर काही सांडलं, तर तो पूर्ण बाहेर ओढून कपड्याच्या चिमट्यानं अडकवा, सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा आणि संपूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका. ब्लीच अजिबात नको, त्यानं विण कमजोर होते. बक्कलमध्ये सरबत गेलं, तर तेल ओतू नका. ओलसर कापसाच्या काडीनं पुसून पाहा, तरी चिकटत असेल तर बदलून घ्या.

पावसात वाळवायचं कसं

ऑगस्टमध्ये कोकणात काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही, बाहेरची हवाच ओली असते. गाडी उघड्यावर उभी करा. एसी चालू, तापमान गरमवर, झोत पायाकडे, आतलीच हवा फिरेल असं बटण, काचा बंद. एसी हवेतलं पाणी काढून खाली टाकतो. अर्ध्या-पाऊण तासानं फरक हाताला लागतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धुराचा वायू जीव घेतो. घरी पोचल्यावर दारं उघडून टेबलफॅन लावा आणि आतला दिवा बंद करा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली.

परतीचं ओझं

येताना खरा धोका डिकीत असतो. ताजी मासळी न्यायची तर जेवढी मासळी तेवढ्याच वजनाचा बर्फ, दुहेरी पिशवीत, थर्मोकोलच्या पेटीत, पेटीला चिकटपट्टी, आणि पेटी पसरट टबात. पेटी कधी ना कधी पाझरतेच, टब त्यासाठी. खारं पाणी डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खळग्यात साचलं, तर वासाबरोबर गंजही येतो. मासळीच्या वासावर व्हिनेगरचं पाणी चालतं, कारण तो वास अल्कलीच्या बाजूचा आहे. सुके बोंबील आणि सुकट घट्ट झाकणाच्या डब्यात, पिशवीत नव्हे. आंब्याच्या पेटीखाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर पुरेत. पिकलेला फणस कापून न्यायचाच असेल, तर गरे डब्यात न्या आणि अख्ख्याचा मोह सोडा.

घरी आल्यावर ड्रायशीट गार पाण्यात धुवा, इस्त्री करू नका, सावलीत वाळवा. कडक उन्हात मागचा थर लवकर तडकतो. मग एक दुपार गाडी काचा बंद करून उन्हात उभी करा. संध्याकाळी दार उघडल्याबरोबर, हवा लागायच्या आत, नाक आत घाला. आंबूस वास आला, तर तो कुठल्या सीटमधून येतोय ते वाकून हुंगा आणि एन्झाइमच्या पाण्याची पायरी तिथं पुन्हा करा, या वेळी दीडपट पाण्यानं.